ग्वारानी आधी लिहिली कुणी?

पॅराग्वेची ग्वारानी भाषा पहिल्यांदा जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या पाद्र्यांनी लिहून काढली, असं वर्षानुवर्षं सांगतात. अर्धंच खरंय. फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाच्या लुइस दे बोलान्योसची ख्रिस्ती धर्म शिकवणारी ग्वारानी प्रश्नोत्तरी 1603 मध्येच असुन्सिओनच्या धर्मसभेत मंजूर झालेली, जेझुइटांच्या मिशन-वस्त्या (धर्मांतरित ग्वारानींची गावं) 1609 पासूनच्या. मग जेझुइट पाद्री मोंतोयाचा ग्वारानी कोश 1639 ला माद्रिदमध्ये छापला, व्याकरण 1640 ला (आपल्या गोव्यात राशोलला पाद्री थॉमस स्टीफन्सचं कोकणी व्याकरण छापलं तेच साल!). कोश जबरदस्तच, पण त्यात ‘तुपा’ म्हणजे देव याची फोड ‘तु’ हा आश्चर्योद्गार अधिक ‘पा’ हा प्रश्न अशी केलीय, म्हणजे भाषेची नोंद कमी अन् धर्मप्रचार जास्त. आणि सगळं पाद्र्यांनीच लिहिलं म्हणावं तर निकोलास यापुगुआय हा ग्वारानी माणूस, त्याचं पुस्तक 1724 ला मिशनमध्येच छापलंय.