बर्फातली चाकोरी : क्रॉस-कंट्री स्की आणि स्नोशूच्या वाटांची पार्श्वभूमी

सोलापुरातून हिवाळ्यात गुलमर्ग, औली किंवा मनालीला जाऊन आलेल्यांच्या छायाचित्रांत स्की असतेच. मात्र ती बहुधा उतारावरून घसरण्याची असते. बर्फाच्छादित रानातून, चढ-उतार आणि सपाटी पार करत कोसच्या कोस चालण्यासाठी जी क्रॉस-कंट्री स्की वापरतात, ती आणि तिच्या जोडीचे स्नोशू (बर्फावर चालण्यासाठी बुटाखाली बांधायच्या रुंद जाळीदार चौकटी) आपल्याकडे फारसे परिचित नाहीत. इतिहासात मात्र चालण्याची स्कीच थोरली आहे, आणि तिचा जन्म हौसेतून नव्हे, गरजेतून झाला.

उत्तर स्वीडनमधील काल्व्हट्रेस्क येथे सापडलेली लाकडी स्की सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीची मानली जाते. ‘स्की’ हा शब्दही फोडलेल्या लाकडासाठीच्या जुन्या नॉर्स शब्दावरून आला आहे. शिकार, सरपण आणि शेजारच्या वस्तीशी संपर्क यांसाठी ती वापरात होती. नॉर्वेतील यादवीच्या काळात, १२०६ मध्ये, ‘बिर्केबायनर’ पक्षाच्या दोन स्कीपटूंनी हाकोन या दीड-दोन वर्षांच्या राजपुत्राला डोंगर ओलांडून सुखरूप नेले. तोच पुढे राजा झाला. त्या प्रवासाच्या स्मरणार्थ १९३२ पासून भरणाऱ्या ५४ किलोमीटरच्या शर्यतीत प्रत्येक स्पर्धक त्या राजपुत्राचे प्रतीक म्हणून पाठीवर साडेतीन किलोंचे ओझे घेऊन धावतो. एवढ्या वयाच्या मुलाचे वजन इतके कमी कसे, असा प्रश्न कोणत्याही आईला पडेल, पण परंपरा तशी आहे.

स्नोशूची परंपरा प्रामुख्याने उत्तर अमेरिकेतील आदिवासी समाजांनी जोपासली. लाकडाची वाकवलेली चौकट आणि तिच्यात विणलेली कच्च्या कातड्याची जाळी यांमुळे शरीराचा भार मोठ्या पृष्ठभागावर पसरतो आणि पाय भुसभुशीत बर्फात खोल जात नाही. पावसाळ्यात काळ्या रानात चिखलावर फळी टाकून चालणाऱ्याला हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पुढे फर व्यापारी आणि सैनिक यांनी ते उचलले, आणि १८४०च्या दशकात माँट्रियलमध्ये केवळ हौसेने स्नोशू घालून फिरणाऱ्यांची मंडळे निघाली.

वाटेचे सहलीच्या वाटेत रूपांतर होण्यास संघटना कारणीभूत ठरल्या. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्वेच्या पदभ्रमण संस्थेने डोंगरात निवारे उभारले. तेथे हिवाळी मार्ग आजही बर्फात काटक्या रोवून दाखवले जातात. नॉर्वेचे धाडसी प्रवासी फ्रित्योफ नान्सेन यांनी १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडल्यावर या प्रकाराची कीर्ती युरोपभर पसरली. कॅनडात, नॉर्वेत जन्मलेल्या हर्मन स्मिथ-योहान्सेन यांनी १९३०च्या दशकात लॉरेन्शियन टेकड्यांतून लांबलचक वाट आखली. ते स्वतः १११ वर्षे जगले.

आज अशा वाटेवर यंत्राने बर्फ दाबून दोन समांतर खोबणी पाडतात. बैलगाडीच्या चाकांनी कच्च्या रस्त्यावर जी चाकोरी पडते, तिच्याशी हिचे नाते सहज लक्षात येते. गाडीची चाकोरी वापराने आपोआप पडते. ही मात्र नवा बर्फ पडला की पुन्हा पाडावी लागते, त्यामुळे तिच्या देखभालीचा खर्च कायमचा असतो.

भारतात स्की आली ती मुख्यतः लष्करी वाटेने. १९२७ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी गुलमर्गला स्की क्लब काढला आणि १९४८ मध्ये तेथेच लष्कराची स्की शाळा सुरू झाली. पर्यटनाच्या काळात रज्जुमार्ग आले आणि वर जाऊन घसरत खाली येणे हाच सर्वसामान्य प्रवाशाचा स्कीचा अनुभव ठरला. क्रॉस-कंट्री प्रकार खेळाडूंपुरता उरला : जगदीश सिंह यांनी २०१८च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यात भारताचे प्रतिनिधित्व केले, तर २०२० मध्ये गुलमर्गला झालेल्या पहिल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत स्नोशूच्या शर्यतीही होत्या.

तेव्हा पुढच्या खेपेला भाड्याच्या दुकानात स्की पुढे केली जाईल, तेव्हा बुटाची टाच पाहावी. ती जखडलेली असेल तर स्की उताराची; बूट केवळ चवड्यापाशी अडकून टाच मोकळी उचलली जात असेल, तर ती चालण्याची.