खुरटे पंख, ३:१ आणि कोल्हापूरचा उन्हाळा

पिकल्या केळ्यांवर घोंघावणारं चिलट म्हणजे ड्रॉसोफिला. तिच्या ‘व्हेस्टिजियल’ वाणात पंखांच्या जागी चुरगळलेले खुंट असतात. हा दोष दुसऱ्या गुणसूत्रावरच्या अप्रभावी जनुकाचा, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसणारा. म्हणून बीएस्सीच्या प्रात्यक्षिकात मेंडेलचं ३:१, म्हणजे दुसऱ्या पिढीत तीन लांब पंखांच्यांमागे एक खुरटी, हे दाखवायला तो सोयीचा.

माश्यांच्या खाद्याला १ लिटर पाणी, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम रवा आणि घट्ट होण्यासाठी १० ग्रॅम अगार. शिजवून जरा निवलं की ७.५ मिली प्रोपिऑनिक आम्ल घाला, नाहीतर बुरशी धरते. गुळाला कोल्हापुरात तोटा नाही.

मादी खुरट्या पंखांची घ्या आणि नर लांब पंखांचा. उलटं केलं तर चूक झाकली जाते. मादी कोशातून निघून आठ तास व्हायच्या आत वेगळी केली नाही, तर ती आपल्याच वाणाच्या नराशी जुळलेली असू शकते. मग पहिल्या पिढीत, जिथे सगळ्यांचे पंख लांब हवेत, खुंटवाल्या माश्या दिसतात. तशी एकही दिसली तर ती बाटली बाद. हाताळण्यासाठी बेशुद्ध केलेल्या माश्या ओल्या खाद्यावर टाकू नका, चिकटून मरतात. जाग्या होईपर्यंत बाटली आडवी ठेवा.

दुसऱ्या पिढीत ४०० माश्यांपैकी १०० खुरट्या अपेक्षित, पण अनेकदा ८० भरतात. अपेक्षेपासूनचा फरक मोजणारा काय-वर्ग येतो ५.३३, आणि निव्वळ योगायोग मानायची मर्यादा ३.८४. मेंडेल चुकलेला नसतो. दाटीत खुरट्या वाणाच्या अळ्या जास्त मरतात. बाटलीत पाचच जोड्या सोडा आणि सातव्या-आठव्या दिवशी आईबाप काढून टाका.

खरी गंमत एप्रिलची. खोली ३१ अंशांवर गेली की याच वाणाचे पंख बरेच लांब वाढतात आणि मोजणारा गोंधळतो. म्हणून उबवणी कपाट २५ अंशांवर हवंच. त्या लांब पंखांच्या माश्यांची पिल्लं २५ अंशांवर वाढवली, तर पुन्हा खुंटच. जनुक तेच राहतं, पंख बदलतो.

भातावरच्या तपकिरी तुडतुड्यात तर हा बदल नेहमीचाच. तिथे इन्सुलिनचे दोन ग्राहक (पेशीवरची, इन्सुलिनचा संदेश घेणारी प्रथिनं) पंखांची लांबी ठरवतात, हे २०१५ मध्ये दाखवलं गेलं: पहिला लांब पंखांकडे नेतो, दुसरा त्याला अडवतो. पिलांची गर्दी झाली, भात जुनं झालं की लांब पंखांचे तुडतुडे वाढतात आणि दुसऱ्या शेतात उडून जातात. आखूड पंखांच्या माद्या तिथेच राहून जास्त अंडी घालतात.