स्किझोफ्रेनियाची औषधं आणि उंदरांचं सामाजिक वर्तन

स्किझोफ्रेनिया म्हटलं की कानात आवाज येणं, संशय घेणं एवढंच लोकांच्या डोक्यात येतं, पण घरच्यांना जास्त पोखरतं ते आपलं माणूस बोलेनासं होणं, कुणात न मिसळणं, दार लावून बसणं. याला निगेटिव्ह लक्षणं म्हणतात. १९५२ मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिन हे यावरचं पहिलं औषध वापरात आलं, तेव्हापासूनच्या औषधांनी आवाज बऱ्यापैकी कमी होतात पण हा एकलकोंडेपणा फारसा हटत नाही, म्हणून नवीन औषध त्यावर चालेल का हे आधी उंदरांवर बघतात.

आता उंदराला स्किझोफ्रेनिया होत नाही, त्याला भास होतात का हे विचारायची सोय नाही, म्हणून फक्त एखादं लक्षण त्याच्यात उभं करतात. सगळ्यात जास्त वापर पीसीपीचा. हे १९५०च्या दशकातलं भुलीचं औषध, ते दिलेली माणसं शुद्धीवर येताना भ्रमिष्टासारखी वागायची म्हणून बंद झालं, आणि ते मेंदूतले एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे मेंदूपेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागा, अडवतं हे पुढे कळलं. पीसीपी दिलेले दोन अनोळखी उंदीर एका पिंजऱ्यात सोडले तर एकमेकांना हुंगणं, मागे मागे जाणं कमी होतं आणि तीच तीच हालचाल करणं वाढतं. १९९०च्या दशकात सॅम्स-डॉड या संशोधकाच्या प्रयोगांत हॅलोपेरिडॉल या स्किझोफ्रेनियाच्या जुन्या औषधाने तेच तेच करणं कमी झालं पण मिसळणं परत आलं नाही, क्लोझापिन हे दुसरं औषध रोज देत गेल्यावर मात्र आलं. १९९९ मध्ये एनएमडीएचा एक भाग जेमतेम ५ टक्के उरलेले जनुक बदललेले उंदीर तयार केले, त्यांच्यातही क्लोझापिनने मिसळणं सुधारलं.

दुसरी पद्धत तीन खणांच्या पेटीची, एका बाजूला जाळीत अनोळखी उंदीर, दुसऱ्या बाजूला रिकामी जाळी, आणि आपला उंदीर कुठे किती वेळ रेंगाळतो ते मोजायचं.

मोजताना खरी अडचण अशी की औषधाने उंदीर सुस्त झाला तरी हुंगणं कमीच दिसतं, आणि नुसती भीती कमी झाली तरी ते वाढतं, त्यामुळे चालणं-फिरणं वेगळं मोजलेलं नसेल तर त्या निकालावर भरवसा ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एनएमडीए अडवलं की एकलकोंडेपणा येतो तर त्याला जोर देऊन बघू, या विचारातून रोश कंपनीचं बिटोपर्टिन हे औषध पुढे आलेलं, कितीतरी कुटुंबांची आशा त्यावर होती, पण निगेटिव्ह लक्षणांवरच्या मोठ्या चाचण्यांत ते २०१४ मध्ये नापास झालं.