मॅनेजरच्या पुढ्यात बॅलन्स शीट आली कुठून?

नॉन-फायनान्स मॅनेजरला फायनान्स कळायला पाहिजे हे आता सगळेच म्हणतात, त्यासाठी दोन-तीन दिवसांची ट्रेनिंग्ज असतात, आणि तिथे नफा-तोटा पत्रक, बॅलन्स शीट (कंपनीकडे काय आहे आणि देणं किती), कॅश फ्लो (रोकड कुठून आली, कुठे गेली) असे तीन कागद एका दमात शिकवतात, जणू कुणीतरी एकदा बसून हा सगळा सेट तयार केला. तसं झालेलंच नाही. हे कागद वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या भानगडी झाल्यावर आलेत आणि त्यातले बरेचसे मॅनेजरसाठी नव्हतेच मुळी. माझ्या मते डोक्यावरून जातं ते याच्यामुळे, गणितामुळे नाही. गणित तर बेरीज, वजाबाकी आणि टक्केवारीच्या पुढे फारसं जातच नाही.

सुरुवात नेहमी लुका पाचोली या इटालियन गणितज्ञापासून करतात. 1494 साली व्हेनिसमध्ये त्याचा गणितावरचा ग्रंथ छापला गेला आणि त्यात जमा-नावे दोन्ही बाजूंनी लिहायची द्विनोंदी पद्धत होती. शोध त्याचा नव्हे, इटलीतले व्यापारी आधीपासून तसंच लिहायचे, जेनोआ शहराच्या 1340 च्या खतावण्यांमध्ये ही पद्धत दिसते. पाचोलीने ती नीट मांडून दिली एवढंच. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की तेव्हा धंद्याचा मालक आणि धंदा चालवणारा बहुतेक वेळा एकच माणूस, म्हणजे वही लिहिणाराही तोच आणि वाचणाराही तोच, समजावून सांगायचं कुणाला हा प्रश्नच नाही.

खर्चाचा हिशोब मात्र वेगळ्या वाटेने आला, आणि त्यातला जोसाया वेजवुडचा किस्सा मला सगळ्यात आवडतो. हा इंग्लंडमधला चिनीमातीच्या भांड्यांचा कारखानदार, माल उत्तम, गिऱ्हाईक थेट राजघराण्यापर्यंतचं. 1772 मध्ये ब्रिटनमध्ये मोठं उधारीचं संकट आलं, बँका बसल्या, मागणी आटली आणि याच्याकडे न विकलेल्या मालाचे ढीग लागले. तेव्हा कुठे त्याने स्वतः बसून एकेका वस्तूला खरा खर्च किती येतो ते काढायला घेतलं, माती, मजुरी, भट्टी, मोडतोड, विक्रीचा खर्च, सगळं. त्यातून दोन गोष्टी बाहेर आल्या. एक म्हणजे हेडक्लार्क पैसे खात होता. दुसरी जास्त मोलाची, काही खर्च असे होते की माल थोडा काढा नाहीतर जास्त काढा, ते तेवढेच राहायचे. म्हणजे एकाच प्रकारचा माल भरपूर काढला तर नगामागचा खर्च उतरतो, मग भाव कमी करून मध्यमवर्गाला विकलं तरी परवडतं. आज आपण फिक्स्ड कॉस्ट म्हणतो ती हीच, आणि ती कळली एका कुंभाराला, कुठल्या अकाउंटंटला नाही!

मग आली रेल्वे आणि सगळं चित्रच बदललं, कारण रेल्वेला लागणारा पैसा एका घराण्याच्या तिजोरीत मावणारा नव्हता. हजारो लोकांनी शेअर घेतले, कंपनी चालवणारे दुसरेच. आता वही वाचणारा माणूस बाहेरचा झाला, आणि बाहेरच्याला फसवणं सोपं. 1840 च्या दशकात ब्रिटनमध्ये जॉर्ज हडसनला ‘रेल्वे किंग’ म्हणायचे, त्याच्या कंपन्या भागधारकांना नफ्यातून द्यायचा डिव्हिडंड भांडवलातूनच वाटत होत्या हे 1849 ला उघडकीला आलं आणि राजाचं राज्य संपलं. रेल्वेनेच घसाऱ्याचा प्रश्नही ऐरणीवर आणला. रूळ, इंजिनं, पूल वर्षानुवर्षं झिजतात, पण तो खर्च कुठल्या वर्षी धरायचा? या वर्षी कमी धरला तर नफा जास्त दिसतो. आज मॅनेजर विचारतो की ‘पैसे तर दोन वर्षांपूर्वीच दिले, मग माझ्या खात्यात अजून घसारा कसला पडतोय,’ तो वाद रेल्वेच्या जमान्यापासून चालत आलाय. तर बॅलन्स शीट, ऑडिट, त्यामागचे कायदे हे सगळं बाहेरच्या माणसाच्या संरक्षणासाठी वाढत गेलं. 1929 च्या शेअर बाजाराच्या आपटीनंतर अमेरिकेने 1933 आणि 1934 मध्ये जे कायदे केले तेही याच कारणाने. आतल्या मॅनेजरला उद्या काय निर्णय घ्यायचाय याच्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं.

आतल्या माणसासाठीचं फायनान्स घडलं ते ड्यूपाँटमध्ये. ही स्फोटकं बनवणारी अमेरिकन कंपनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिने बरेच कारखाने एकत्र केले, आणि मग प्रश्न आला की नवीन पैसा टाकायचा कुठे, कारण प्रत्येक धंद्याचं मार्जिन, म्हणजे विक्रीतला नफ्याचा वाटा, वेगळं. तिथे एफ. डोनाल्डसन ब्राउन नावाचा माणूस होता, शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनियर, ड्यूपाँटमध्ये आला तो सेल्समध्ये. पहिल्या महायुद्धाच्या आसपास त्याने गुंतवणुकीवरचा परतावा दोन तुकड्यांत फोडून दाखवला, विक्रीवरचं मार्जिन गुणिले भांडवल वर्षात किती वेळा फिरलं.

आकड्यात बघा. विक्री 200, नफा 10, गुंतवलेलं भांडवल 100. मार्जिन 5 टक्के, भांडवल फिरलं 2 वेळा, परतावा 10 टक्के. आता विक्री तेवढीच, नफा तेवढाच, फक्त गोदामातला पडून असलेला माल आणि अडकलेली उधारी कमी करून भांडवल 80 वर आणलं, तर ते अडीच वेळा फिरतं आणि परतावा साडेबारा टक्के होतो. भाव वाढवला नाही, एक नगसुद्धा जास्त विकला नाही. गोदाम बघणाऱ्या, वसुली बघणाऱ्या माणसाला आपलं काम नफ्याच्या आकड्याशी कुठे जोडलंय हे या सूत्राने पहिल्यांदा स्वच्छ दिसलं, म्हणून मी याला बॅलन्स शीटपेक्षा वरचं स्थान देतो. अजूनही त्याला ड्यूपाँट फॉर्म्युलाच म्हणतात. कंपनीने तर चार्ट रूमच केली होती, एकेका विभागाचे मोठमोठे तक्ते टांगून वरिष्ठ त्यावर चर्चा करायचे, आजच्या डॅशबोर्डचे आजोबा म्हणा.

पुढे ड्यूपाँटने जनरल मोटर्समध्ये मोठा हिस्सा घेतला. तिथे 1920 मध्ये गाड्यांची मागणी कोसळली तेव्हा एकेका विभागाचे प्रमुख बेधडक कच्चा माल भरत बसले होते, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, आणि रोकड संपली. त्या वर्षाच्या शेवटी संस्थापक विल्यम ड्युरंटला जावं लागलं, 1921 मध्ये ब्राउन तिकडे गेला, आणि 1923 मध्ये अध्यक्ष झालेला आल्फ्रेड स्लोनसुद्धा इलेक्ट्रिकल इंजिनियरच. तरी 1924 मध्ये परत गाड्या जास्त बनल्या. स्लोन डीलर्सकडे फिरायला गेला आणि आवारात उभ्या असलेल्या गाड्या त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या. मग डीलर्सकडून दर दहा दिवसांनी आकडे मागवून उत्पादन ठरवायची शिस्त पक्की झाली. विभागाला मोकळीक द्यायची पण परताव्याचा जाब विचारायचा, हे मॉडेल नंतर जगभर पसरलं, आणि तिथूनच इंजिनियर, सेल्सवाला, प्लांट हेड या सगळ्यांच्या गळ्यात ‘तुझा पी अँड एल’, म्हणजे आपापल्या विभागाचा नफा-तोटा, पडला.

कॅश फ्लो हा तिघांतला सगळ्यात धाकटा. अमेरिकेत डब्ल्यू. टी. ग्रँट नावाची हजाराहून जास्त दुकानांची साखळी होती, वर्षानुवर्षं नफा दाखवायची, आणि ऑक्टोबर 1975 मध्ये दिवाळखोरीत गेली. नंतर अभ्यासकांनी तिचे जुने हिशोब उलगडले तर काय, नफा दिसत असतानाच मूळ धंद्यातून रोख रक्कम बहुतेक वर्षी उलटी बाहेरच जात होती. उधारीवर विकलेला माल विक्रीत धरला, नफ्यातही धरला, पण पैसे हातात आलेच नाहीत आणि गोदामं भरत राहिली. आजच्या रूपातलं कॅश फ्लो पत्रक अमेरिकेत 1987 च्या हिशोबाच्या मानकाने सक्तीचं केलं, आंतरराष्ट्रीय मानकात ते 1992 ला आलं. त्यामुळे सेल्सवाल्यांनी क्वार्टर संपता संपता उधारीवर माल ढकलला की फायनान्सवाल्यांच्या कपाळावर आठ्या का पडतात, ते कळायला ग्रँटची गोष्ट पुरेशी आहे.

1979 मध्ये व्हिसिकॅल्क हे कंप्युटरवर हिशोबाचे तक्ते मांडायचं सॉफ्टवेअर आलं, डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टनचं, मग लोटस, मग एक्सेल, आणि हिशोबाचा कागद अकाउंट्सच्या खोलीतून सगळ्यांच्या स्क्रीनवर आला. सोय झाली, पण आकडे दिसतात म्हणजे कळतात असं नाही. 1987 मध्येच जॉन्सन आणि कॅप्लन या अकाउंटिंगच्या दोन प्राध्यापकांनी टीका केली की मॅनेजरला मिळणारे आकडे उशिरा येतात, गोळाबेरीज असतात आणि वाकडे असतात, कारण ते बाहेरच्या रिपोर्टिंगच्या सोयीने बनतात. ओव्हरहेड, म्हणजे कुठल्याही एका प्रॉडक्टचा नसलेला सामाईक खर्च, मजुरीच्या तासांवर वाटायची जुनी पद्धत घ्या. मशिनं आली, मजूर कमी झाले, तरी वाटप तसंच चालू, मग ज्या प्रॉडक्टला अजून हात लागतात त्याच्या माथी सगळा बोजा, ते तोट्यात दिसतं आणि बंद होतं, ओव्हरहेड मात्र तिथेच राहून उरलेल्या प्रॉडक्टवर जाऊन बसतं!

बाहेरच्या वाचकासाठी नियम बदलले की आतले आकडे हलतात, हे आजही चालूच आहे. 1 जानेवारी 2019 पासून हिशोबाच्या आंतरराष्ट्रीय मानकाने बहुतेक भाडेकरार बॅलन्स शीटवर आणले, भाडं म्हणून जे जायचं ते घसारा आणि व्याज म्हणून दिसायला लागलं, आणि एबिटडा हा नफ्याचा आकडा घसारा आणि व्याज वजा करायच्या आधी मोजतात, भाडं मात्र त्यातून आधीच वजा व्हायचं. म्हणजे भाड्याच्या जागेत दुकानं चालवणाऱ्या कंपनीचा एबिटडा त्या वर्षी एकदम वर गेला, दुकानं तीच, गिऱ्हाईक तेच, आणि भाड्याचा चेकही तेवढाच.