स्वसंदर्भी पूर्णांक क्रमिका

आधीच्या पदांच्या जागा, त्यांतली अंतरे किंवा त्यांची आवर्तने मोजूनच जिचे पुढचे पद ठरते, अशी पूर्णांकांची क्रमिका. सम संख्यांचे शंभरावे पद विचारले तर दुप्पट करून २०० सांगता येते. इथे बहुधा तशी सोय नसते.

कोकण किनाऱ्यावरची भरती पाहिली की फरक ध्यानात येतो. पूर्ण भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात : चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास; अष्टमीला सहाच्या. काल पाणी कुठवर चढले होते, हे आठवावे लागत नाही. अमावस्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती पंधरवड्याने परततात, कारण ओढणारे चंद्र-सूर्य बाहेर आहेत. स्वसंदर्भी क्रमिकेला बाहेरचा चंद्र नाही. तिला स्वतःचीच वही चाळावी लागते.

याचा सर्वांत चटकदार नमुना म्हणजे यान रिट्सेमा फान एक यांची, २०१० साली नोंदली गेलेली क्रमिका. पहिले पद ०. पुढे प्रत्येक वेळी एकच प्रश्न : आत्ताचे पद याआधी किती घरांमागे आले होते? आलेच नसेल तर ० लिहायचे. त्यातून निघते : ०, ०, १, ०, २, ०, २, २, १, ६, ०, ५, ०, २, ६, ५, ४, ०, ५… नववे पद १, तो आधी तिसऱ्या घरात होता, म्हणून दहावे पद ६. सहा नवा, म्हणून पुन्हा ०.

शून्ये कधी संपत नाहीत, हे सिद्ध झाले आहे. ती संपली असती तर नवी संख्या येणे थांबले असते, पदांना वरची मर्यादा पडली असती आणि क्रमिका ठरावीक चक्रात फिरू लागली असती. ते चक्र मागे मागे नेले की आरंभाशी विसंगती येते. प्रत्येक नैसर्गिक संख्या कधी ना कधी येतेच का, हे मात्र सिद्ध झालेले नाही. नियम शाळकरी पोराला कळेल असा, आणि प्रश्न असा अडेल!

सॉलोमन गोलोम यांची १, २, २, ३, ३, ४, ४, ४, ५, ५, ५… ही क्रमिका अधिक शिस्तीची. तिचे n-वे पद म्हणजे तिच्यात n किती वेळा येतो ती संख्या. तिच्या वाढीत सुवर्ण गुणोत्तर (सुमारे १.६१८) डोकावते. १ आणि २ यांचीच बनलेली कोलाकोस्की क्रमिका (१, २, २, १, १, २, १, २, २…) आपल्याच सलग गटांच्या लांब्या वाचते : एक १, दोन २, दोन १, एक २… आणि या लांब्या ओळीने लिहिल्या की पुन्हा १, २, २, १… हीच क्रमिका. तिच्यात १ निम्म्या वेळा येतो का, हेही अनिर्णितच.

या कुळाचे एक नाते कोकणाशी आहे. गणिती द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांचा जन्म डहाणूचा. नोकरी देवळालीला शाळामास्तराची. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवत जायचे, ही त्यांची रीत : ३, ६, १२, १५, २१, २४, ३०, ३३, ३९… काटेकोरपणे ही क्रमिका स्वसंदर्भी म्हणवत नाही, कारण तिला फक्त शेवटचे पद आठवते. पण काही संख्या अशा कोणत्याच बेरजेतून जन्मत नाहीत; त्या स्वयंभू संख्या. गणपतीपुळ्याच्या वाटेवर वाढलेल्या वाचकाला हा शब्द समजावून सांगायला नको. १, ३, ५, ७, ९ नंतर २०, ३१, ४२ अशा त्या अकरा-अकराने १०८ पर्यंत येतात. आणि पुढची एकदम ११०.