मळ्याशेजारी टॉवर: नाशिकच्या शिवारातला वाद कुठून सुरू झाला

द्राक्षबागेच्या बांधाला लागून पत्रे ठोकले जातात, पोकलेन उतरतो, बोअरची गाडी रात्रभर धडधडते आणि मग गावाला कळते की इथे चौदा मजल्यांच्या इमारती येणार. निवेदने जातात, ग्रामसभेत ठराव होतो, कुणीतरी वकील गाठतो. तोवर बांधकामाचे प्रारंभ प्रमाणपत्र निघालेले असते. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी ही महापालिका हद्दीतली गावे असोत की हद्दीबाहेरच्या चांदशी, जलालपूर, गोवर्धनची शिवारे, विरोध पोहोचतो तो निर्णय झाल्यावर. गावकरी आळशी आहेत म्हणून हे होत नाही. एकच निर्णय चार-पाच दफ्तरांत तुकड्यातुकड्याने घेतला जातो आणि शेजाऱ्याला त्यातल्या पहिल्या तुकड्यावरच बोलता येते.

७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व भोवतालची वीसेक गावे मिळून महापालिका झाली. गावे कागदावर शहरात आली, पण शिवार शेतीचेच राहिले. त्याआधीच सातपूरची औद्योगिक वसाहत आणि सिडकोच्या योजना यांसाठी अंबड, मोरवाडी, उंटवाडी, कामठवाडे इथल्या जमिनी संपादित झाल्या होत्या. आपल्या रानात दुसऱ्याची घरे उभी राहताना त्या गावांनी पाहिली. नियोजन म्हटले की जुनी माणसे अजून दचकतात, त्याचे मूळ तिथे आहे.

पुढचा घोळ विकास आराखड्याचा. आराखड्यात जमिनीला रंग मिळतो: पिवळा म्हणजे निवासी, हिरवा म्हणजे शेती. त्या रंगावर भाव ठरतो. एका भावाचा गट पिवळ्यात आणि दुसऱ्याचा हिरव्यात गेला की भाऊबंदकीत जे व्हायचे ते होते. शहराच्या सुधारित आराखड्याचे २०१३ मधले प्रारूप इतके वादात सापडले की शासनाने ते बाजूला ठेवून नव्याने काम करायला लावले. तो आराखडा मंजूर व्हायला २०१७ उजाडले. पुढच्याच वर्षी मोकळ्या जमिनींवरील करवाढीत शेतीही ओढली जाणार म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरले. स्मार्ट सिटीतून मखमलाबाद-हनुमानवाडी शिवारात सातशे एकरांहून अधिक क्षेत्रावर नगररचना योजना आखली गेली, तेव्हा गाव दोन भागांत विभागले. काहींना जमिनीचा एक हिस्सा सोडून रस्त्यालगतचा विकसित भूखंड हवा होता, तर काहींना बागच राखायची होती. आजच्या विरोधातही हे दोन्ही सूर असतात आणि त्यांना एकच मागणी समजले की बैठक फिसकटते.

दरम्यान बिनशेतीची प्रक्रिया बदलली. पूर्वी जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ व ४४ खाली परवानगी लागे. अर्ज, तलाठ्याचा जबाब, स्थळपाहणी या वाटेवर निदान कानावर तरी येई. २०१४ मध्ये कलम ४२-अ आले, २०१७ मध्ये ४२-ब आणि ४२-क, त्यानंतर ४२-ड. निवासी पट्ट्यातली जमीन आणि गावठाणापासून २०० मीटरच्या आतली जमीन रूपांतर कर भरला की बिनशेती मानली जाऊ लागली. शेतकऱ्याची चकरा मारण्यातून सुटका झाली, हे चांगलेच झाले. पण गावाला सुगावा लागण्याची एक जागाही गेली.

खरा फरक पाडला तो डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीने. नाशिकसारख्या महापालिकांत निवासी भूखंडाला मूळ एफएसआय (म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) १.१०. त्यावर शासनाला प्रीमियम भरून आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरचा हस्तांतरित विकास हक्क, चढवून किती मिळणार, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. ९ मीटरच्या आत काही नाही. ९ ते १२ मीटरला एकूण २.००, १२ ते १५ ला २.२५, १५ ते २४ ला २.५०, ३० मीटर व पुढे ३.००. शिवाय जिने, बाल्कनी, लॉबी यांच्यासाठी निवासी बांधकामात ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक एफएसआय वेगळा.

हिशोब करून पाहा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. १२ मीटर रस्त्यावर २.२५ गुणिले १.६, म्हणजे ३.६. बांधकाम जाते साडेचौदा हजार चौरस मीटरवर. मोकळ्या जागेची वजावट किंवा इतर अटी बाजूला ठेवून ८० चौरस मीटरचा फ्लॅट धरला, तरी ढोबळमानाने १८० घरे. घरटी पाच माणसे आणि माणशी १३५ लिटर या नियोजनाच्या मापाने दिवसाला सुमारे १ लाख २० हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे बारा टँकर. त्यातले ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर येते. हद्दीबाहेर भुयारी गटार नसेल तर ते नाल्यात आणि नाल्यातून खालच्या विहिरीत उतरते. ज्या एकरावर काल एक कुटुंब राहत होते, त्या एकराची ही गोष्ट आहे.

रस्त्याची रुंदी मोजण्यातही मेख आहे. भूखंडासमोरचा रस्ता १२ मीटर असला तरी अर्ध्या किलोमीटरवर तीच वाट पाटावरच्या अरुंद मोरीवरून किंवा वहिवाटीच्या पाणंदीतून जाते. एफएसआयच्या तक्त्यात ती मोरी येत नाही. नाशिकला हा धडा ‘कपाट’ प्रकरणाने एकदा शिकवला आहे. ६ आणि साडेसात मीटर रस्त्यांवरच्या इमारतींत कपाटांची जागा एफएसआयबाहेर धरून बांधकामे झाली आणि पूर्णत्वाचे दाखले अडकले. मग महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्ते कागदावर ९ मीटर करून तोडगा शोधावा लागला. म्हणून हरकतीत ‘रस्ता अपुरा आहे’ एवढेच लिहून भागत नाही. हमरस्त्यापासून भूखंडापर्यंत दर शंभर मीटरला प्रत्यक्ष रुंदी मोजून, गट क्रमांकासह भाग नकाशाच्या, म्हणजे विकास आराखड्यातल्या त्या भागाच्या नकाशाच्या, प्रतीवर लिहावी लागते.

पर्यावरण मंजुरीकडूनही लोकांची फार अपेक्षा असते. २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामाला पूर्वमंजुरी लागते, पण इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले आहे. वरच्या हिशोबातला एकटा एकर बहुधा या मर्यादेच्या आत राहतो. शेजारचे दोन-तीन एकर निरनिराळ्या नावांवर वेगळे सादर झाले तर एकत्र भार कुणीच मोजत नाही. रस्ता, गेट, पाण्याची टाकी सामायिक आहेत का, ते गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर चढवलेल्या नकाशांत सापडते. मंजुरी मिळालेली असेल तर हरित लवादाकडे अपिलाची मुदत ३० दिवस, आणि सबळ कारण दाखवले तर आणखी ६० दिवसांपर्यंत.

शेजाऱ्याचा कायदेशीर हक्क नेमका कुठे आहे, हे म्हणूनच कळले पाहिजे. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात प्रारूप आराखड्यावर हरकती घेतात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. कलम ३७ खाली मंजूर आराखड्यात फेरबदल करताना महिनाभर हरकती मागवतात. हद्दीबाहेरच्या प्रादेशिक योजनेतल्या बदलासाठी कलम २० आहे. बांधकाम परवानगीविरुद्ध कलम ४७ चे अपील मात्र फक्त अर्जदाराला, शेजाऱ्याला नाही. कलम १४९ मुळे दिवाणी दाव्याची वाट अरुंद, उरते उच्च न्यायालय. कलम ५१ खाली परवानगी रद्द करता येते खरी, पण काम बरेच पुढे गेल्यावर तो अधिकार वापरला जाण्याची आशा धरू नये. ग्रामपंचायतीची स्थिती तर फारच अवघड. महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात परवानगी प्राधिकरण देते, आणि कचरा, दिवे, गटारीच्या तक्रारी येतात सरपंचाच्या दारात.

एका हरकतीला मात्र आमचा पाठिंबा नाही. १० लाखांवरच्या शहरांत ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या निवासी प्रकल्पात २० टक्के घरे अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात. ‘कसली माणसे येतील’ ही कुजबुज या घरांमुळे होते. ही अट चुकवण्यासाठी जमिनीचे तुकडे पाडल्याच्या तक्रारी नाशिकमध्ये झाल्या, त्यांचा पाठपुरावा व्हायला हवा. ही घरे नकोत असे हरकतीत लिहिले, की पाण्याचा आणि रस्त्याचा खरा मुद्दाही त्याबरोबर बुडतो.

शेतीचा मुद्दा मात्र हरकतींत कमीच दिसतो. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेला पहाटे, कधी रात्री ब्लोअरने फवारणी करावी लागते. पन्नास फुटांवर बाल्कन्या आल्या की तक्रार शेतकऱ्याविरुद्ध होते. उलट बाजूने, खोदकामाची धूळ घडांवर बसते आणि निर्यातीच्या मालाची प्रत जाते. म्हणून हद्दीवर झाडांचा पट्टा, खोदकामाच्या वेळा आणि ओल्या जाळ्या या अटी लेखी मागाव्यात.

सिंहस्थासाठी आखलेला बाह्य वळणरस्ता जिथे शेतातून जाईल, तिथे रुंद रस्त्याबरोबर वाढीव एफएसआयची मागणीही येईल. अशा गावांनी आत्ताच झोन दाखला आणि भाग नकाशा काढून ठेवावा, राजपत्रातल्या व वर्तमानपत्रांतल्या कलम ३७ आणि २० च्या नोटिसा वाचायला एक माणूस नेमावा आणि हरकत दिली की आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय नगररचना विभागातून बाहेर पडू नये.