फौजदारी अपिलाच्या अंतिम निकालानंतर इंदूर खंडपीठाकडे काय मागता येते

मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने फौजदारी अपील फेटाळले की, त्याच न्यायमूर्तींपुढे फेरविचाराचा अर्ज करावा असे अनेक कुटुंबांना वाटते. मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 403 नुसार, निकालावर स्वाक्षरी झाल्यानंतर लेखनातील किंवा आकडेमोडीतील चूक सुधारण्यापलीकडे न्यायालयाला त्यात बदल करता येत नाही. 1 जुलै 2024 पूर्वी हीच तरतूद दंड प्रक्रिया संहितेच्या कलम 362 मध्ये होती. उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार वापरूनही ही मनाई ओलांडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सूरज देवी विरुद्ध प्यारेलाल (1981) या प्रकरणात सांगितले आहे.

त्यामुळे आरोपीचे नाव किंवा गुन्हा क्रमांक चुकीचा छापला गेला असेल, अथवा कोठडीतील दिवसांची बेरीज चुकली असेल, तर दुरुस्ती अर्ज करता येतो. साक्षीदारावर विश्वास ठेवायला नको होता, शिक्षा जास्त झाली, हे मुद्दे कितीही खरे वाटले तरी त्यात बसत नाहीत. अर्जासोबत निकालाची प्रमाणित प्रत, वकालतनामा, शपथपत्र आणि चूक दाखवणारा मूळ अभिलेखातील कागद जोडावा. चूक कोणत्या पानावर, कोणत्या परिच्छेदात आहे हे नेमके लिहावे. संबंधित पक्षाला नोटीसच न मिळता, त्याचे म्हणणे न ऐकता आदेश झाला असेल, तर तो मागे घेण्याची विनंती करता येते. ही वाट अरुंद आहे आणि गुणदोषांवर फेरसुनावणी मिळवण्यासाठी ती वापरता येत नाही.

निकालच चुकीचा वाटत असेल तर दिल्लीतील सर्वोच्च न्यायालय गाठावे लागते, आणि ते लवकर ठरवावे, कारण इथल्या निरुपयोगी अर्जामुळे मुदत आपोआप थांबत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 136 खालील विशेष अनुमती याचिकेसाठी, म्हणजे अपील करण्याची परवानगी मागणाऱ्या याचिकेसाठी, निकालापासून 90 दिवस मिळतात. उच्च न्यायालयाने निर्दोष सुटका रद्द करून फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे अथवा त्याहून अधिक कैद दिली असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 420 नुसार थेट अपिलाचा हक्क आहे. याचिकेला प्रमाणित प्रत लागते आणि कैदेची शिक्षा असल्यास शरण गेल्याचा पुरावा किंवा त्यातून सूट मागणारा अर्ज लागतो. सत्र न्यायालयाचे कागद बहुधा हिंदीत असतात. त्यांचे इंग्रजी भाषांतर द्यावे लागते, म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात सुरू करावे.

सर्वोच्च न्यायालयाला मात्र अनुच्छेद 137 नुसार स्वतःच्या निकालाचे पुनर्विलोकन करता येते, पण फौजदारी प्रकरणात फक्त अभिलेखावर उघड दिसणाऱ्या चुकीसाठी आणि 30 दिवसांच्या आत. सहसा ते न्यायमूर्तींच्या दालनातच, तोंडी युक्तिवादाशिवाय ठरते; फाशीच्या प्रकरणात 2014 पासून खुल्या न्यायालयात सुनावणी मिळते.

कोठडीतील व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार मोफत वकील मागता येतो. कैदी स्वतः कारागृह अधीक्षकांमार्फतही याचिका पाठवू शकतो.